चिंतेचा आजार आणि आपली पत

संपादकांनी या अंकासाठी माझ्याकडे बँकखात्यावरील नामनिर्देशनाविषयी लेख मागितला होता. पस्तीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाकडून तेच अपेक्षित असते आणि त्यात वावगे काही नाही. परंतु गेल्या क्षमावाणीच्या कार्यक्रमात एक प्रसंग घडला आणि मी विषय बदलून मागितला. एक तरुण कार्यकर्ता वार्षिक जमाखर्च वाचण्यासाठी उभा राहिला, दोन ओळी वाचल्या आणि कागद खाली ठेवून सभागृहाबाहेर निघून गेला. बाहेरच्या ओट्यावर तो घामाने निथळत बसला होता, दोन्ही हातांना मुंग्या आल्या होत्या आणि ‘माझे हृदय बंद पडत आहे’ एवढेच तो सांगत होता. कोणी साखर आणली, कोणी पायाला कांदा चोळा म्हणाले, तेव्हा दुसऱ्याने कांदा मंदिराच्या आवारात कसा चालेल, असा मुद्दा काढला. रुग्णालयात नेल्यावर हृदयाचा आलेख निर्दोष निघाला. दुसऱ्या दिवशी त्याचे वडील प्रत्येकाला सांगत होते, ‘काही नाही, गॅस झाला होता.’

त्या वडिलांना मी दोष देत नाही. हेच वाक्य माझ्या घरात काही वर्षे वापरले गेले आहे.

३१ मार्च २००३. सांगलीतील बाजारपेठेजवळच्या एका लहान शाखेचा मी व्यवस्थापक होतो. वर्षअखेरीचा ताळेबंद जुळत नव्हता, फरक अवघ्या काही हजारांचा होता. रात्री अकराच्या सुमारास व्हाउचरांच्या गठ्ठ्यावर वाकलो असताना एकाएकी छातीत असा धडाका सुरू झाला की मला टेबल धरावे लागले. श्वास पुरेना. बोटे बधिर झाली. आजूबाजूचे सहकारी काचेपलीकडे असल्यासारखे दिसू लागले आणि मनात एकच विचार आला की आता आपण संपलो. वय पंचेचाळीस, घरी दोन मुले, घरबांधणीच्या कर्जाचे हप्ते. सहकाऱ्यांनी रुग्णालयात नेले. आलेख काढला, रक्त तपासले, दुसऱ्या दिवशी इकोही केला. सर्व ठीक. ‘टेन्शन घेऊ नका,’ एवढा सल्ला घेऊन मी घरी आलो. पुढच्या सहा महिन्यांत असाच आणखी तीन वेळा अतिदक्षता विभागापर्यंत जाऊन परत आलो. दर वेळी अहवाल स्वच्छ आणि दर वेळी माझी धास्ती आधीपेक्षा मोठी. अहवालात काही निघत नाही याचा अर्थ डॉक्टरांना सापडत नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले होते.

हळूहळू माझे जग लहान होऊ लागले. लिफ्ट सोडली. विभागीय कार्यालयात एकट्याने जाणे टाळू लागलो. सर्वांत मोठी अडचण तिजोरीच्या खोलीची होती. शाखा लहान, त्यामुळे एक किल्ली माझ्याकडे आणि दुसरी हेडकॅशियरकडे. रोज सकाळ-संध्याकाळ दोघांनी मिळून आत जायचे हा नियम. ती खोली बिनखिडकीची, भिंती जाड, दार पोलादी. आत पाऊल टाकताच गळा आवळल्यासारखे होई. मी उंबऱ्यावर उभा राहून रोकड मोजल्याचे मानून घेऊ लागलो आणि नोंदवहीवर सही करू लागलो. बँकेतल्या माणसाला या वाक्याचा अर्थ कळेल. वीस वर्षांची माझी शिस्त एका बंद खोलीच्या भीतीपुढे मोडली होती आणि ते हेडकॅशियरखेरीज कोणाला ठाऊक नव्हते.

या आजाराला वैद्यकशास्त्रात चिंताविकार म्हणतात, आणि माझ्या बाबतीत त्याचा प्रकार होता भीतीचे झटके, म्हणजेच पॅनिक. तो समजून घ्यायला मला बँकेतीलच एक वस्तू उपयोगी पडली. रोखपालाच्या पायाशी धोक्याची घंटा वाजवणारी एक कळ असते. दरोडेखोर समोर आला तर ती दाबायची. आपल्या शरीरातही अशीच यंत्रणा आहे. संकट दिसताच ॲड्रिनॅलीन रक्तात सुटते, हृदय वेगाने धावते, श्वास जलद होतो, स्नायू ताठ होतात, पोटातले पचन थांबते. पळता यावे किंवा लढता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे. चिंताविकारात ही घंटा बिघडलेली असते. दरोडेखोर नसताना, एखादा उंदीर तारेवरून गेला तरी ती तितक्याच जोराने वाजते. घंटा खरी असते, शरीरातले सर्व बदल खरे असतात, फक्त दरोडा पडलेला नसतो. म्हणून ‘तुला काही झालेले नाही’ असे सांगितल्याने रुग्णाचे समाधान होत नाही. त्याला जे होते आहे ते त्याला स्पष्ट जाणवत असते.

बोटांना येणाऱ्या मुंग्यांचे कारण समजले तेव्हा मला विशेष हायसे वाटले होते. भीतीने आपण वाजवीपेक्षा जलद श्वास घेतो, त्यामुळे रक्तातील कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घटते आणि हातापायांना व ओठांभोवती मुंग्या येतात, चक्कर येते. या लक्षणांनी माणूस अधिक घाबरतो, श्वास आणखी जलद होतो आणि चक्र फिरत राहते. असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिखराला पोचतो आणि मग ओसरतो. मात्र एक गोष्ट निक्षून सांगतो. छातीत प्रथमच दुखू लागले, विशेषतः चाळिशीनंतर किंवा मधुमेह-रक्तदाब असताना, तर ‘हा भीतीचा झटका असेल’ असा निवाडा घरी बसून करू नये. आधी रुग्णालयात जावे. हृदय निर्दोष आहे हे डॉक्टरांनी सांगितल्यावरच पुढचा विचार.

चिंताविकाराचे इतरही प्रकार आहेत. काहींना झटके येत नाहीत, परंतु महिनोन्महिने प्रत्येक बाबीची काळजी लागून राहते. मुलगा परगावी पोचला का, माल भिजेल का, डोके दुखते म्हणजे गाठ तर नसेल. झोप लागत नाही, मान-खांदे आखडतात, चिडचिड होते. सहा महिन्यांहून अधिक काळ बहुतेक दिवशी असे चालले तर त्याला सार्वत्रिक चिंताविकार म्हटले जाते. काहींना चारचौघांत बोलण्याची, फोन उचलण्याची, अनोळखी गिऱ्हाइकासमोर उभे राहण्याची विलक्षण भीती असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगभरात ३० कोटी १० लाख लोक कोणत्या ना कोणत्या चिंताविकाराने ग्रस्त होते. आपल्या देशात बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात सुमारे १०.६ टक्के प्रौढांना एखादा मानसिक आजार असल्याचे दिसले. त्या बारा राज्यांत राजस्थान आणि गुजरातही होते, म्हणजे आपल्यातील अनेकांची मूळ गावे. दहा माणसांमागे एक. आपल्या कोणत्याही लग्नाच्या पंगतीत हा हिशेब करून पाहावा.

आता प्रश्न असा की व्यापाऱ्याने काळजी करायची नाही तर कोणी करायची? उधारी अडकली, धनादेश परत आला, भाव कोसळला तर झोप उडणारच. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या आणि जुलै २०१७ मध्ये जीएसटी आला, त्या दिवसांत आपल्या पेठांत शांत झोपलेला माणूस विरळाच असेल. ही काळजी कारणाबरोबर येते आणि कारण सुटले की जाते, काही वेळा ती कामालाही लावते. विकाराची काळजी कारण संपल्यावरही राहते, नवे कारण शोधते, आणि मुख्य म्हणजे माणसाला काम करू देत नाही. वसुलीचा फोन दहा वेळा लावणारा आणि त्या फोनला हात लावण्याच्या विचारानेच थंड पडणारा, यांत हा फरक आहे. डॉक्टर अनेकदा सात प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली देतात. मागील दोन आठवड्यांत अस्वस्थता, काळजी थांबवता न येणे, चिडचिड, काहीतरी भयंकर घडेल अशी भीती किती दिवस होती, हे विचारून शून्य ते एकवीस असे गुण मांडतात. दहा किंवा अधिक गुण आल्यास पुढील तपासणी आवश्यक समजतात. त्या प्रश्नावलीने निदान ठरत नाही, दार कोणते ठोठवायचे ते कळते.

आपल्या घरांत हा आजार ओळखू न येण्याचे एक कारण असे की तो सद्गुणाचा पोशाख घालून वावरतो. दुकानाचे शटर तीन वेळा ओढून पाहणारा मुलगा ‘जबाबदार’ ठरतो. रात्री दोन वाजता उठून खतावणी तपासणारे वडील ‘धोरणी’ ठरतात. घरातील स्त्रीची धडधड, चक्कर, पोटातील गोळा हे ‘पित्त’ म्हणून वर्षानुवर्षे खपून जाते. खरे तर स्त्रियांमध्ये चिंताविकारांचे प्रमाण पुरुषांहून अधिक आहे. आणि गादीवर बसायला टाळाटाळ करणारा तरुण आळशी म्हणवला जातो, त्याला गिऱ्हाइकाशी बोलताना काय होते हे कोणी विचारत नाही.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. माझ्या आजाराच्या दोन वर्षे आधी, हळदीचा अडत व्यवसाय करणारे एक सज्जन आमच्या शाखेचे खातेदार होते. दिवसातून तीन-तीन वेळा ते खात्यातील शिल्लक विचारायला येत, पावतीवरचा शिक्का पुन्हा पाहून घेत, कपाळावरचा घाम पुसत. हप्ता त्यांनी कधी एक दिवसही चुकवला नव्हता. बाजारात मात्र कुजबुज होती की त्यांच्या डोक्यावर परिणाम झाला आहे. कॅश क्रेडिटची मर्यादा वाढवून मिळावी म्हणून त्यांनी अर्ज केला. तारण पुरेसे होते, साठ्याची विवरणपत्रे चोख होती. तो प्रस्ताव मी पुढे पाठवला नाही. कागदावर दुसरे कारण लिहिले. दोन वर्षांनी मी स्वतः शाखेच्या शौचालयात दार बंद करून श्वास मोजत उभा राहू लागलो तेव्हा लोक आजार का लपवतात हे मला कोणी शिकवावे लागले नाही. आपल्या व्यवसायात पत हेच भांडवल, आणि ती पत मोजणाऱ्यांपैकी मी एक होतो. पुढे बरा झाल्यावर मी त्यांचा प्रस्ताव पुन्हा मागवला, परंतु तोवर त्यांनी सर्व व्यवहार दुसऱ्या बँकेत नेले होते.

मानसोपचारतज्ज्ञाकडे मला माझ्या पत्नीने नेले. सांगली-मिरजेत डॉक्टरांची कमतरता नव्हती, पण ओळखीचे कोणी भेटू नये म्हणून आम्ही कोल्हापूर गाठले. तेथील प्रतीक्षालयात आमच्याच पेठेतील एक सराफ बसले होते. मला पाहताच त्यांनी वर्तमानपत्र उघडून चेहऱ्यासमोर धरले आणि मी भिंतीवरचे कॅलेंडर वाचू लागलो. त्यानंतर कित्येक वर्षे आम्ही एकमेकांना बाजारात भेटत होतो. त्या दिवसाचा विषय दोघांनीही काढला नाही.

डॉक्टरांनी आधी थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि साखर तपासून घेतली, कारण थायरॉइडची अधिकता किंवा रक्तक्षय यांमुळेही धडधड आणि अस्वस्थता येऊ शकते. दिवसाला किती चहा पितो हेही विचारले. नऊ कप, असे उत्तर देताना मला संकोच वाटला. नंतर पाऊण तास केवळ बोलणे झाले आणि शेवटी त्यांनी आजाराचे नाव सांगितले. नावाचा मोठा आधार वाटतो. नाव आहे म्हणजे हे माझ्या आधी कोणाला तरी झाले आहे.

औषधांविषयी आपल्या मनात पुष्कळ गैरसमज आहेत, आणि येथे दोन निरनिराळ्या जातींच्या गोळ्यांची गल्लत होते. एसिटालोप्रॅम, सर्ट्रालीन यांसारखी औषधे मेंदूतील सेरोटोनिन या द्रव्याच्या कार्यावर परिणाम करतात. त्यांचा गुण लगेच दिसत नाही, दोन ते चार आठवडे, कधी अधिक काळ लागतो. पहिल्या आठवड्यात मळमळ होऊ शकते, क्वचित अस्वस्थता थोडी वाढतेही. नेमक्या याच टप्प्यावर बहुतेक जण ‘मानवले नाही’ म्हणून गोळी सोडून देतात. मीही सहाव्या दिवशी सोडणार होतो, पत्नीने सोडू दिली नाही. या गोळ्यांचे व्यसन लागत नाही, परंतु त्या एकाएकी थांबवायच्याही नसतात. बरे वाटू लागल्यावरही साधारणपणे सहा महिने ते वर्षभर चालू ठेवून मग डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात.

दुसऱ्या जातीच्या गोळ्या म्हणजे अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या. त्या अर्ध्या तासात शांत करतात, म्हणून माणसाला आवडतात. डॉक्टर त्या थोड्या दिवसांसाठी देतातही. पण त्यांची शरीराला सवय लागते, मात्रा वाढत जाते आणि सोडताना त्रास होतो. आपल्या समाजात औषधांच्या दुकानांची संख्या मोठी, हे येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. दुकान भावाचे किंवा मेव्हण्याचे असले की ‘झोप येत नाही’ म्हणताच फळीवरून पट्टी काढून हातात दिली जाते. अल्प्राझोलाम हे शेड्यूल एच-१ मधील औषध आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते देता येत नाही आणि विक्रीची नोंद वेगळ्या वहीत ठेवावी लागते. नात्यातल्या माणसासाठी हा नियम वाकवणे म्हणजे उपकार नव्हे. एका नातलगाला मी आठ वर्षे रोज अशी अर्धी गोळी घेताना पाहिले. ती सोडवायला त्याला अनेक महिने लागले.

व्रतनियमांचा प्रश्न आपल्या घरांत हमखास येतो. सूर्यास्तानंतर चौविहार असेल, एकासणे असेल, पर्वातील उपवास असतील, तर गोळी केव्हा घ्यायची? यातील बरीच औषधे दिवसातून एकदाच घ्यायची असतात. नियम डॉक्टरांना आधी सांगितला तर ते वेळ सकाळी किंवा सूर्यास्तापूर्वी बसवून देतात. कॅप्सूलच्या जिलेटिनच्या आवरणाविषयी शंका असेल तर त्याच औषधाची साधी गोळी मिळते का, हे विचारावे. सलग अनेक दिवसांचा उपवास करायचा असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी आणि मग आपल्या गुरूंशी बोलावे. पच्चक्खाणातही आगार ठेवलेले असतातच. आजारी माणसाची अडचण आपल्या पूर्वजांना ठाऊक नव्हती असे नाही. न सांगता दहा दिवस गोळी बंद करणे हा मार्ग सर्वांत वाईट.

याच संदर्भात मंत्रचळाचा उल्लेख करतो. आता शास्त्र त्याला चिंताविकारांहून वेगळ्या गटात ठेवते, तरी भीती हेच त्याचेही मूळ. एक भगिनी तांदळाचे तेच ताट सहा-सहा वेळा निवडत असत. जीव राहिला असेल या शंकेने रडत, पुन्हा निवडत, आणि दुपारचे जेवण चार वाजेपर्यंत होत नसे. घरचे त्यांना धर्मपरायण म्हणत. जयणा पाळणाऱ्या माणसाला निवडून झाल्यावर समाधान लाभते. त्यांना ते कधीच लाभत नव्हते, आणि त्यावरूनच हा नियम नसून आजार आहे हे ओळखायला हवे होते. त्याचप्रमाणे, सतत चिंता करणाऱ्याला ‘हे आर्तध्यान आहे, कर्मबंध होतो’ असे सुनावणारेही भेटतात. ज्याच्या मनावर आधीच ओझे आहे त्याच्या डोक्यावर पापाची आणखी एक गोणी ठेवून त्याचे पाऊल हलके कसे होणार? सामायिक, कायोत्सर्ग, संथ श्वासावरील लक्ष यांचा मला स्वतःला उपयोग झाला, पण तो उपचारांसोबत, उपचारांऐवजी नव्हे.

औषधांइतकाच, कदाचित अधिक टिकाऊ, गुण मला विचार-वर्तन उपचारपद्धतीने आला. अमेरिकेत अल्बर्ट एलिस आणि एरन बेक यांनी गेल्या शतकाच्या उत्तरार्धात या दिशेची मांडणी केली. एलिस यांची विवेकनिष्ठ विचारपद्धती मराठी वाचकांपर्यंत कि. मो. फडके यांनी पोचवली. पद्धत वाणिज्याच्या विद्यार्थ्याला सहज पटावी अशी आहे. मला एक वही करायला सांगितले. डावीकडे अनुमान, उजवीकडे प्रत्यक्ष. ‘तिजोरीच्या खोलीत पाच मिनिटे राहिलो तर बेशुद्ध पडेन’ हे अनुमान, आणि त्याची शक्यता किती टक्के वाटते तेही लिहायचे. मी नव्वद लिहिले होते. मग प्रत्यक्षात काय झाले ते लिहायचे. दर शनिवारी, तेव्हा बँका अर्धा दिवस चालत, दुपारची बस धरून मी कोल्हापूरला जाई आणि वही दाखवी.

खोलीत जाण्याच्याही पायऱ्या ठरवल्या. पहिला आठवडा दार सताड उघडे ठेवून एक मिनिट. भीती आली तरी बाहेर पळायचे नाही, ती आपोआप उतरू लागेपर्यंत थांबायचे, कारण पळून सुटका झाली की मेंदू समजतो की पळालो म्हणूनच वाचलो. मग तीन मिनिटे. मग दार अर्धे लोटून. हेडकॅशियर माझ्याहून वयाने मोठे होते आणि त्यांना मी सर्व सांगितले. त्यांनी काही विचारले नाही. ते रोज घड्याळ हातात घेऊन दारात उभे राहत आणि ‘साहेब, झाली पाच मिनिटे’ एवढेच म्हणत. अकराव्या आठवड्यात मी आत उभा राहून रोकड पूर्ण मोजली, प्रत्येक बंडल हाताळून. वहीच्या उजव्या बाजूला त्या दिवशी लिहिलेले आजही आहे : ‘घाम आला. बेशुद्ध पडलो नाही. रोकड बरोबर.’ दीड वर्षाने गोळ्या बंद झाल्या. त्यानंतर दोनदा झटका आला, पण त्याची ओळख पटल्यामुळे अतिदक्षता विभागात जावे लागले नाही.

एवढे शिकूनही पुढे मी मोठी चूक केली. मुलगा पुण्यात सनदी लेखापालाच्या अंतिम परीक्षेची तयारी करत होता. २०१४ मध्ये तो मे महिन्याच्या परीक्षेला केंद्रापर्यंत जाऊन परत आला. नोव्हेंबरमध्ये पहिला पेपर दिला, दुसऱ्याला गेलाच नाही. फोनवर तो म्हणे, ‘बाबा, आत शिरलो की श्वास अडकतो.’ आणि मी, तिजोरीच्या उंबऱ्यावर सहा महिने उभा राहिलेला माणूस, त्याला म्हणालो, ‘मन घट्ट कर. आमच्या वेळी असले लाड नव्हते.’ त्याच्यापासून माझा आजार दडवून ठेवलेला होता. मुलांना कळले तर बाहेर जाईल, बहिणीचे लग्न व्हायचे आहे, असा आम्हा दोघांचा हिशेब होता. एक वर्ष असे गेले. त्याने मित्रांचे फोन घेणे बंद केले, जेवण तुटले, आणि एका रात्री तो आईला म्हणाला की सकाळ न झालेलीच बरी. त्या रात्री मी कपाटातून ती वही काढली आणि पहाटेच्या गाडीने पुण्याला गेलो. त्याने ती पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचली. बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, ‘बाबा, हे तुम्ही मला आधी का नाही सांगितलंत?’

उत्तर माझ्याकडे नव्हते. त्याच आठवड्यात त्याचे उपचार सुरू झाले. तो सनदी लेखापाल झाला नाही, याची रुखरुख मला आहे, त्याला नाही. तो आता चुलत्यांच्या पेढीवर हिशेबाचे काम पाहतो, आणि मोठ्या सभांना आजही जात नाही. त्याच्या लग्नाची बोलणी सुरू झाली तेव्हा त्यानेच हट्ट धरला की आजाराचे आधी सांगायचे. पहिल्या स्थळाकडून निरोप आला नाही. दुसऱ्या स्थळाच्या मुलीने गोळीचे नाव विचारले, कारण तिच्या मावशीची तीच गोळी चालू होती. हा मजकूर त्याने आणि सूनबाईंनी वाचला आहे आणि दोन ठिकाणी दुरुस्त केला आहे.

‘सकाळ न झालेलीच बरी’ अशी भाषा घरात ऐकू आली तर ती धमकी किंवा नाटक समजू नये. त्या माणसाला एकटे सोडू नये, गोळ्यांच्या पट्ट्या आणि इतर घातक वस्तू दूर ठेवाव्यात आणि त्याच दिवशी मदत मिळवावी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेली टेलिमानस ही दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस विनामूल्य उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. जिवाला तातडीचा धोका असेल तर ११२.

उपचार केवळ मोठ्या शहरांत मिळतात असेही नाही. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांत मानसोपचाराची बाह्यरुग्ण सेवा असते आणि औषधेही मिळतात. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये उभी केलेली मानसिक आरोग्य संस्था, आयपीएच, मराठी कुटुंबांना परिचित आहे. औषधे लिहून देणारा तो मानसोपचारतज्ज्ञ, म्हणजे वैद्यकीय पदवीधर. बोलण्याच्या उपचारांसाठी चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. शिक्षण विचारून घेण्यात संकोच नको, आपण तारणाची कागदपत्रे पाहतोच ना. विम्याविषयी मला सर्वाधिक प्रश्न येतात. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मधील कलम २१ नुसार शारीरिक आजारांच्या बरोबरीने मानसिक आजारांच्या उपचारांनाही विमासंरक्षण देणे कंपन्यांना बंधनकारक आहे. तथापि नेहमीची पॉलिसी रुग्णालयात दाखल होण्याचा खर्च देते, आणि चिंताविकाराचे उपचार बहुधा दाखल न होताच चालतात. बाह्यरुग्ण खर्चाची तरतूद आहे का, ते पॉलिसीत पाहावे. आणि प्रस्तावपत्रात आजार दडवू नये, दाव्याच्या वेळी ते महागात पडते.

घरच्यांसाठी थोडेसे. झटका आला असता भोवती गर्दी करू नये, एकाने शेजारी बसावे, आपण स्वतः संथपणे श्वास सोडावा म्हणजे त्यालाही लय सापडते. ‘घाबरू नकोस’ हे वाक्य निरुपयोगी आहे, ‘मी येथेच आहे, हे ओसरेल’ हे उपयोगी पडते. मात्र त्याच्या भीतीची सोय लावत बसणेही बरे नव्हे. मी लिफ्ट सोडली तेव्हा सारे कुटुंब माझ्याबरोबर जिने चढू लागले होते. प्रेमाने केले, पण त्यामुळे माझी लिफ्ट आणखी वर्षभर सुटली.

त्या तरुण कार्यकर्त्याच्या वडिलांना मी गेल्या महिन्यात भेटलो. गॅसविषयी बोललो नाही, माझ्या तिजोरीच्या खोलीविषयी बोललो. त्यांनी चहा दोनदा मागवला आणि निघताना कोल्हापूरच्या त्या डॉक्टरांचा पत्ता विचारला. मी त्यांना सांगलीतलाच एक दिला. मंदिराच्या कार्यालयातील सूचनाफलकावर १४४१६ हा क्रमांक कायमचा लावावा, असे पत्र मी विश्वस्त मंडळाला दिले असून येत्या बैठकीच्या विषयपत्रिकेत ते सातव्या क्रमांकावर आहे. नामनिर्देशनावरील लेख पुढील अंकासाठी संपादकांकडे पाठवला आहे.